रस्ता बुडानं वळकायचा

बोरगावात रस्त्याची तब्येत विचारणारा माणूस एकच, आमचे शेजारी परशरामअण्णा. चालती गाडी मध्येच कडेला घेतात, चपला काढतात, आठ-दहा पावलं अनवाणी चालतात आणि मग उकिडवे बसून चिमूटभर माती बोटांत चोळतात. मागून आलेल्या बसचा कंडक्टर खिडकीतून डोकं काढून कन्नडमध्ये विचारतो, काय हरवलं? अण्णा मराठीत सांगतात, "काल मुरूम व्हता, आज खडी टाकल्या." कंडक्टरला दोन्ही भाषा येतात, तरी उत्तर काही त्याच्या पदरात पडत नाही.

अण्णा मूळचे बेळगावजवळच्या मच्छ्याचे. तरुणपणी तिथल्या कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या गाडीतून मोटारींच्या रॅलीत, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीत धावायचे. खानापूरकडच्या तांबड्या चिखलात गाडी आडवी घालून वळणं कशी काढली, हे ते अजून हातात ताट धरून दाखवतात. लग्नाच्या पंगतीत म्हणूनच त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही. आमटी अंगावर येते. त्यांच्या बायकोचं, शांताआक्कांचं माहेर बोरगाव. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून अण्णा इकडे आले. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण गाव अजून त्यांना 'मच्छ्याचे जावई'च म्हणतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "मास्तर, डोळं फसवत्यात, बूड फसवत न्हाय. रस्ता बुडानं वळकायचा." डांबरावर ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. खडीवर स्टिअरिंग आवळायचं नाही, लेकराचं बोट धरल्यागत धरायचं; गाडी थोडी सरकणारच, सरकू द्यायची. काळ्या मातीच्या चिखलात थांबायचं नाही, एका चालीनं पुढं जायचं. माणसांनाही ते हेच माप लावतात. आमचे मुख्याध्यापक त्यांच्या लेखी पावसातलं डांबर, चकाकतं पण भरवसा नाही. मी मुरूम. "दिसायला घट्ट, पाणी लागलं की सुटतो." मला राग आला होता, पण माझ्या बायकोने लगेच मान डोलावली, त्यामुळे वाद घालता आला नाही.

एवढा मोठा रॅलीवाला, पण गाडी कधी ताशी पंचवीसच्या वर नेत नाही. उसाने भरलेला ट्रॅक्टर त्यांना मागे टाकतो. पानपट्टीवरची मंडळी विचारतात, अण्णा, आज कितवा नंबर? अण्णा हात वर करून नमस्कार करतात आणि तशाच चालीने पुढे जातात.

दोन वर्षांपूर्वी शांताआक्कांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला चिकोडीला न्यावं लागतं. तेव्हापासून अण्णांच्या गाडीत एक वही आली. त्या वाटेवरचं प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, कुठे डांबर संपतं, कुठे खडी लागते, सगळं तिच्यात पेन्सिलीने लिहिलेलं. रॅलीत शेजारी बसणारा गडी अशीच वही वाचून दाखवतो म्हणे. मी मनात म्हटलं, रॅली सुटली पण खोड सुटली नाही. बायको आजारी आणि हे खड्डे मोजतायत.

गेल्या उसाच्या हंगामात अण्णा अंगणात घसरून पडले. खांद्याचं हाड मोडलं, उजवा हात गळ्यात आला, मान वळेना. भाड्याची गाडी करा म्हटलं तर ऐकेनात. शेवटी म्हणाले, मास्तर, तुम्ही चालवा, मी वही वाचतो.

चिकोडीला दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्कांची वाट बघताना मी पहिल्यांदा ती वही नीट उघडून बघितली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द होता. कुठे 'झोप', कुठे 'जाग'. मी विचारलं.

"रातच्याला तिच्या पायात गोळं येत्यात," अण्णा म्हणाले. "डोळ्याला डोळा लागत न्हाय. मशीनवरनं उठली की दमून गाडीत झोपती, घर येस्तोवर. तेवढीच झोप हाय तिला, मास्तर. ती मोडू द्यायची न्हाय."

मला माझीच लाज वाटली. मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

परतताना आक्का मागच्या सीटवर वाकळ पांघरून आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या. अण्णा शेजारी बसून कुजबुजत वाचू लागले. डावं वळण, पुढं खडी, पाय सोड रं, आता मुरूम. इतक्या वर्षांचा मी मास्तर त्या कुजबुजीत 'रं' झालो होतो. मला ते आवडलं.

मग समोर काळंभोर, गुळगुळीत डांबर आलं. अण्णा म्हणाले, दुसरा गिअर टाक. मला तर समोर आरशासारखा रस्ता दिसत होता, मी तसाच गेलो. ट्रॅक्टरांच्या वजनाने ते डांबर आतून उठलं होतं. असा दणका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले.

मी आरशात पाहिलं. आक्कांचे डोळे टक्क उघडे होते. त्यांनी आधी अण्णांच्या बांधलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. हळूच नकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्यांना त्याची सवय असावी, इतक्या सहज.

"जाग आली काय रं?" अण्णांनी समोर बघतच विचारलं.

"न्हाय अण्णा. झोपल्यात."

खोटं बोलणाऱ्याला वर्गात उभं करणारा मी. अण्णांनी डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरात त्या ओळीपुढे लिहिलं, 'झोप'.

घरासमोर गाडी थांबवली. अण्णा म्हणाले, पाच मिनिटं ऱ्हाऊ दे, उठवू नको. मागून आक्कांचा लांब, एकसारखा श्वास ऐकू येत होता. झोपेचं सोंग इतकं चांगलं वठवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो आणि एकच गोष्ट मनात घोळत राहिली. तो दणका माझ्यासारख्याच्या दातांपर्यंत पोचला होता. त्यातही आक्का झोपूनच राहिल्या हे अण्णांच्या बुडाला पटलं असेल, यावर मी कसा विश्वास ठेवू?