ढिलं हाय, सावकार

सोमाण्णा कुणालाही "कसा हायस?" असं विचारत नाही. समोरच्याच्या हातात जे असेल ते धरतो आणि हलवून बघतो. छत्री असली तर छत्री, काठी असली तर काठी, पिशवी असली तर पिशवीचा बंद. हातात काहीच नसलं तर मनगट धरतो आणि सबंध हात खांद्यापर्यंत हलवतो. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, आतून काही वाजतंय का ते ऐकतो आणि सांगतो, "ढिलं हाय."

झालं. त्यानंतर दिवसभर आपल्याला आपला खांदा ढिला वाटत राहतो.

बाजारकुणंग ह्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे, त्याला लागून पिठाची गिरण. आमचे वडील खानापुराकडून इकडं आले, मी इथंच लहानाचा मोठा झालो, तरी गावाच्या लेखी मी अजून बाहेरचा सावकारच; इकडं दुकानदाराला सावकारच म्हणतात. सोमाण्णाचं घर माझ्या दुकानाच्या अगदी समोर. मधे रस्ता आणि एक फणस. त्यामुळं सकाळी फळी उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तो मला दिसतो आणि मी त्याला. इतका दिसणारा शेजारी देवानं कुणाच्या वाट्याला देऊ नये.

धंदा म्हणाल तर लाकडाचा. कोयत्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, नांगर, जू, पाळणा, बाकडं, सगळं त्याच्या हातचं. आमच्याकडं पूर्वी गडी घराबाहेर पडला की कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला असायचाच, आणि त्या कोयत्याची मूठ सोमाण्णाची असायची. खिळा त्याला खपत नाही. लाकडात लाकूड बसवायचं आणि वर पाचर मारायची. खिळा मारणं म्हणजे लाकडाला शिवी देणं, असं तो म्हणतो. नम्र वगैरे तो अजिबात नाही. सुप्याच्या धरणात त्यांचं जुनं गाव गेलं, घर गेलं. त्या घराच्या दाराची चौकट त्यानं तरुणपणी बसवली होती. ती चौकट पाण्याखाली अजून घट्ट आहे हे तो छातीवर हात मारून सांगतो. आता ते बघायला खाली कोण जाणार? आपण व्हय म्हणायचं आणि साखर मोजायची.

बरं, ही हलवायची सवय घरापुरती असती तर माझी काही तक्रार नव्हती. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला म्हणून हा पुढं आला आणि आधी मांडवाचा खांब हलवला. अंतरपाट धरलेल्या दोघांनी घाबरून वर बघितलं. खांब पास झाला. मग ह्यानं नवऱ्या मुलाचा खांदा धरला. मुलगा बेंगळूरचा, त्याला वाटलं इथली काहीतरी रीत असेल, तो बिचारा हलू लागला. सोमाण्णानं कान देऊन ऐकलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जरा ढिला हाय. पण बसंल." आमची मंडळी त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. आता जावई बरा निघाला म्हणून ती स्वतःच हे सांगत फिरते.

एकदा दाढ दुखते म्हणून मी त्याला दांडेलीला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दाढ चिमट्यात धरून हलवली आणि म्हणाले, ढिली आहे. सोमाण्णाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी काहीतरी हलवून ढिलं म्हटलं होतं. तो डॉक्टरांना आपल्यातला माणूस समजू लागला. पण डॉक्टर दाढ काढू म्हणाले तेव्हा मात्र बिनसलं. काढायची कशाला, बारीक पाचर मारा, असा ह्याचा हट्ट. शेवटी दाढ तशीच घेऊन आम्ही परत आलो. कुळगीला जंगलखात्याच्या कँपातही एकदा पाहुण्यांबरोबर राहायला गेला होता. तिथली खाट, दार, जिन्याचा कठडा, सगळं हलवून बघितलं आणि सगळं घट्ट निघालं. दोन घास जेवला नाही.

पण त्याचा खरा वैरी म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची. आणि ती विकतो मी. माझ्या दुकानाच्या छपराला उलट्या टांगलेल्या असतात, लाल, निळ्या. पहिली खुर्ची आली त्या दिवशी त्यानं ती खाली उतरवून घेतली. धरून हलवली, तर खुर्ची सगळीच डुलली. उलटी केली, आडवी केली, पायांत बोटं घातली. सांधाच सापडेना. घामाघूम झाला.

"हेला सांदाच न्हाई, सावकार," तो म्हणाला. "हे आजारी बी पडायचं न्हाई आन बरं बी हुयाचं न्हाई. एकदम मरायचं बगा."

मी म्हणालो, स्वस्त पडते, लोक घेतात. आणि घेतातच की. मी काय लोकांच्या घरात जबरदस्तीनं खुर्च्या नेऊन टाकतो? पण त्या दिवसापासून तो माझ्याकडं, मी गावात रोगाची साथ आणल्यासारखं बघतो.

गावातल्या पोरांची तर वेगळीच तऱ्हा. ही पोरं गोव्याला हॉटेलात कामाला जातात, सणाला घरी येतात, मोबाइल असा हाताळतात की बघत राहावं. पण कोयत्याची मूठ हलायला लागली की दुकानात येऊन नवा कोयता मागतात. एक पोरगा डिंकाची ट्यूब मागायला आला. मूठ चिकटवायची म्हणे. दुसऱ्यानं मोबाइलवर बघून बघून मूठ बसवली, फणसाखाली उभा राहिला, ऐटीत कोयता फिरवला, आणि मूठ हातात राहून पातं वर फणसात जाऊन रुतलं. ते पातं पुढचे कित्येक दिवस तिथंच होतं. सोमाण्णा येता-जाता वर बघायचा आणि समाधानानं घरात जायचा. त्या पोराला त्यानं पुष्कळदा बोलावलं, ये, शिकवतो. पोरगा म्हणाला, आण्णा, पुढच्या सुट्टीत.

तर असं सगळं चाललेलं असताना, गेल्या पावसाळ्यानंतर गावात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. वस्तू ढिल्या व्हायला लागल्या. रुक्माकाकीच्या रवीचा दांडा हलू लागला. मास्तरांच्या छत्रीची मूठ गोल फिरू लागली. माझ्या दुकानापुढचं बाकडं, ज्यावर पोत्याएवढी माणसं बसून गेली, ते डुलायला लागलं. हवा बदलली असेल, लाकूड सुकलं असेल, असं ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं आणि वस्तू घेऊन सोमाण्णाकडं गेला. तिकडं गेलं की तो लगेच दुरुस्त करत नाही. आधी चहा ठेवतो. मग वस्तू मांडीवर घेऊन तिच्याकडं बघत बसतो आणि तुमच्या घरच्यांची एकेक करून चौकशी करतो. कामाला लागेपर्यंत ऊन कलतं.

मग एका दुपारी मी त्याला पकडला. मी जेवून आत लवंडलेलो, डोळा लागेना म्हणून उठून बाहेर आलो, तर हा माझ्या बाकड्याखाली उताणा. हातात लाकडी हातोडी. टक, टक, अगदी हलक्या हातानं पाचर सैल करत होता. मागच्याच महिन्यात ह्यानंच ती पाचर मारली होती.

मी भडकलो. चांगलाच भडकलो. लाज न्हाई वाटत काय, म्हणालो, गावभर हेच धंदे करत फिरताय व्हय तुमी? तो बाहेर आला, धोतर झाडलं, बाकड्यावर बसला. खोटं बोलला नाही. कुणाला लागंल असं ढिलं करत न्हाई, एवढंच म्हणाला. डुलंल, पण पडायचं न्हाई.

"पण का?" मी विचारलं.

त्यानं हातोडी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "नवी वस्तू घेऊन कोण कुणाच्या घरला जातंय, सावकार? ढिलं झालं की माणूस येतंय."

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नागेश मडगावात हॉटेलात आहे. हे सगळं मला माहीत होतंच की, रोज समोर दिसणारा माणूस. पण दिसतो म्हणून मी कधी रस्ता ओलांडून गेलो नव्हतो. बाकडं तसंच डुलतं ठेवलं आणि दोन दिवसांनी उचलून त्याच्याकडं घेऊन गेलो. हवा बदलली वाटतं, म्हणालो.

पुढं मात्र ढिलं करायलाही काही उरेना. लाकडी वस्तू मोडीत निघाल्या. घरोघरी लाल-निळ्या खुर्च्या, स्टीलच्या रव्या, रेडीमेड मुठी. सोमाण्णा दुपारी फेरी मारायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. अशात नागेश आला, मोटरसायकलवरून. म्हणाला, आप्पांना घेऊन जातो. इथं आता कोण येतंय त्यांच्याकडं? तिथं खोली आहे, नातवंडं आहेत. पोरगं चांगलं आहे, खोटं काहीच बोलत नव्हतं. आणि सोमाण्णा बरं म्हणाला. बरं. एवढंच.

निघायच्या दिवशी मी दुकानातून बघत होतो. नागेश आत बॅग भरत होता. सोमाण्णानं आधी फणसाखालची मोटरसायकल फडक्यानं पुसली, आरशापाशी जरा जास्तच रेंगाळला, नंतर उंबऱ्यावर येऊन बसला. नागेशनं बॅग आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. नवी कोरी बॅग, तिला दांडा. सोमाण्णानं तो हलवून बघितला नाही. हात मांडीवरच.

मी उठलो. हातोडी शोधली, बाकडं उलटं केलं आणि पाचरीवर घाव घातले. एक पाचरीवर बसला, एक अंगठ्यावर. पाचर हलेना म्हणून आणखी जोरात हाणली, तर बाकड्याचा पाय चर्रकन चिरला. मंडळी आतून बाहेर आली, वेड लागलंय काय म्हणाली. मी समोर बोट दाखवलं. तिनं उंबऱ्यावरच्या सोमाण्णाकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं, आत गेली आणि विळी घेऊन आली.

"ही बी न्या," ती म्हणाली. "हिला काही झालेलं न्हाई. पर झालंय म्हणून सांगा."

बाकडं डोक्यावर आणि विळी काखेत घेऊन मी रस्ता ओलांडला. पडवीत जाऊन बघतो तर रुक्माकाकी आधीच बसलेली, मांडीवर रवी आणि तिचा दांडा वेगळा. शेजारी मास्तर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात छत्रीची मूठ. आम्ही तिघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं. मला वाटत होतं गुपित माझ्या एकट्याकडं आहे. कसलं गुपित आणि कसलं काय.

सोमाण्णानं बाकडं उलटं केलं, पाचरीच्या जागी बोट फिरवलं. माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडं बघितलं.

"कुणी काढायला गेलतं हे?"

"आपोआप ढिलं झालं," मी म्हणालो.

"पाचर बारक्या टोकाकडनं मारून काढायची असती. ही जाडीकडनं हाणलीया. आत घातलीसा की हो, सावकार. पाय फोडलासा."

त्यानं रवीचा दांडा घेतला, निरखला. हा दातानं ओढून काढला काय, म्हणून काकीला विचारलं. काकी पदर तोंडाला लावून बसली. छत्रीची मूठ बघून तर त्यानं कपाळाला हात लावला. मास्तर शाळेच्या पोरासारखे खाली बघत होते. मग सोमाण्णानं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज चढा होता, रागावल्यासारखा.

"बग नागेशा, बग. हेंच्याकडनं नीट ढिलं बी करायला हुईना. मी आलो तिकडं, तर हेंचं कसं हुयाचं?"

नागेश दारात उभा होता. बाकडं, रवी, छत्री, माझ्या काखेतली धडधाकट विळी, सगळ्यांवरून त्यानं नजर फिरवली. बॅग उचलून आत ठेवून आला. मग आपलं हेल्मेट घेऊन फणसाकडं गेला, उद्या त्याची ड्यूटी होती.

तिकडून हाक आली. "आप्पा, गाडीचा आरसा ढिला झालाय."

सोमाण्णा रवीत तोंड घालून बसला होता, तसाच बसून राहिला. "व्हय?" म्हणाला. "बस मग. चा ठेवतो."

नागेशनं माझ्याकडं बघितलं. मी विळीला काय झालंय ते बघू लागलो. पोरगं शहाणं. हेल्मेट काढून आत आलं आणि बापाच्या शेजारी बसलं, अगदी चिकटून.

आधी चहा झाला. मग रुक्माकाकीची रवी झाली, मास्तरांची छत्री झाली, माझ्या बाकड्याला नवा पाय तासायला घेतला. विळी हलवून बघितली, घट्ट म्हणाला आणि तरी ठेवून घेतली. आरशाचा स्क्रू अर्धा फेरा पिळला असता तर काम झालं असतं. ते त्यानं सगळ्यात शेवटी ठेवलं.