चायना सर आणि आमचा तिसरा मजला

लातुरात आमच्या गल्लीत कुणाच्या दारी वाळूचा ट्रक लागला, की थोड्याच वेळात सायकलवरून चायना सर येत. ट्रकभोवती एक फेरी मारत आणि घरमालकाला विचारत, "बीजिंगवाले यंदा काय करायलेत, ठाव हाय का?"

घरमालकाला ठाऊक नसे. मग तो उभ्या उभ्या अर्धा तास ऐके आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत बसे.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. चीन सोडाच, नांदेडच्या पलीकडेही ते फारसे गेले नसावेत. पण चीनच्या सरकारवर त्यांची नजर असे, हुशार पण वांड विद्यार्थ्यावर असावी तशी. "वाढ करणं सोपं हाय," ते म्हणत. "वाढीला आवरणं अवघड. तिथं वरून आकडा येतो, एवढी वाढ दाखवा. मग खालचे साहेब इमारती बांधत सुटतात. राहायला माणूस न्हाई, पण आकडा झाला!"

आमच्या गल्लीत उलटं होतं. लोहा, बिलोली, देवणी, कुठून कुठून मुलं क्लाससाठी येत, आणि जो तो घरावर मजले चढवून त्यांना खोल्या भाड्याने देई. एकट्या सरांच्या घरावर पत्रा होता. त्याला ते 'नियंत्रित विकास' म्हणत.

एका उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या सगळ्या भाडेकरू मुलांची यादी केली. "चायनात खेड्यातला माणूस शेरात राबतो, पण सरकारी दप्तरात नाव खेड्यातच. शेराच्या सवलती त्याला न्हाईत. आपली पोरं तशीच. नळ मंजूर घरवाल्यांपुरता, पितंय सारं हॉस्टेल." यादी घेऊन ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "आपण चीनकडून आलात का?" सर त्या दिवशी फार खुशीत परतले.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांना एका मासिकातले चीनवरचे लेख वाचून दाखवायचे, हे त्यांनी बाबांशी परस्पर ठरवून टाकलं. मला बोलायला फारसं जमत नाही. वाचायला हरकत नव्हती. मी एखाद्या शब्दाशी अडखळले, की ते मिटल्या डोळ्यांनी त्याचा मराठी अर्थ सांगत. त्यांना इंग्रजी चांगलंच येत असावं. मी कधी विचारलं नाही.

मग बाबांनी तिसरा मजला बांधायला काढला. बाबा तहसीलात कारकून. घराचा पाया एका मजल्याच्या हिशोबाने घातलेला, त्यावर दुसरा आधीच चढला होता. सर रोज येऊन खांबावर बोटाच्या पेराने टकटक करत.

"पाया इच्यारला का?"

"सर, पाया काय बोलतो व्हय?"

"बोलतो की. पण एकदाच."

स्लॅबच्या आदल्या दिवशी सर आमच्या जिन्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मिस्त्री फळ्या घेऊन खोळंबले. बाबांचा आवाज चढला. "सर, तुमचं चायना तुमच्या पत्र्याखाली ठेवा! तुम्हाला ना लेकरू ना बाळ. मला पोरीला शिकवायचंय."

सर उठले आणि सायकल हातात धरून चालत गेले. त्यांचा चष्मा पायरीवरच राहिला. तो द्यायला मी गेले.

चष्मा हातात घेऊन ते म्हणाले, "तुझी खोली खालचीच ना, बाळ?"

"हो, सर."

"मला नोकरी लागली, तवा गावच्या घरावर मी माडी चढवली. खाली भिंती दगडमातीच्या. गरज नव्हती. लोकांनी बघावं म्हणून चढवली. धाकटी बहीण, सुमन, खालच्या खोलीत झोपायची. बारावीला होती." चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "भूकंपात शेजारचं पत्र्याचं घर तेवढं उभं राहिलं."

मी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "माझी खोली खाली आहे, बाबा." बाबा खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

रविवारी नेहमीसारखी सरांकडे गेले. त्या अंकात बातमी होती, की चीनच्या सरकारने वाढीचं उद्दिष्ट खाली आणलं आहे. सरांनी डोळे उघडले.

"कमी केलं? आपणहून?"

"हो, सर."

"आन् तुझ्या बाबांनी?"

"फळ्या उतरवल्या. पाया तपासायला इंजिनिअरला बोलावलंय."

सर वर पत्र्याकडे बघत राहिले. "दोघांनाबी माझं अभिनंदन कळव," ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. "त्या ओळीपासून परत वाच, बाळ. सावकाश वाच."