नत्थूजींचा निषेध

नत्थूजी आमच्या गल्लीत राहतात आणि निषेध करतात. रिटायर झाल्यावर कोणी बागकाम करतं, कोणी नातवंडं खेळवतं. यांच्या दाराशी मात्र फळा, भोंगा आणि इस्त्री केलेल्या काळ्या फिती कायम तयार. सिनेमात, जाहिरातीत, कुठंही देवाची टिंगल दिसली की "हे जमायचं नाही बाप्पा" म्हणत स्वारी निघालीच.

गेल्या वर्षी एक भिकार नाटक आलं. नाव मुद्दामच सांगत नाही. त्यात आमच्या मातामायला, म्हणजे गल्लीतल्या कडुनिंबाखालच्या देवीला, मोबाईल घेऊन नाचवलं होतं. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांपेक्षा नट जास्त. नाटक आपल्या मरणानं मेलं असतं हो! पण नत्थूजींनी भर चौकात फळा उभा केला : 'हे नाटक पाहू नका.' खाली हॉलचं नाव, वार, वेळ. वेळ कशाला लिहिली, विचारलं तर म्हणाले, केव्हा जायचं नाही हे लोकांना कळायला नको?

रविवारी हॉल फुल्ल. आमची अर्धी गल्ली, नेमकं आक्षेपार्ह काय आहे ते बघायला, सहकुटुंब गेली. दुसऱ्या दिवशी निर्माता संत्राबर्फी घेऊन नत्थूजींच्या दारात हजर. कामठीच्या प्रयोगालाही या म्हणाला, जेवणाची सोय करतो. नत्थूजींनी डबा परत केला आणि दिवसभर घराबाहेर पडले नाहीत.

त्याच माणसाचं पुढचं नाटक आणखी वात्रट. पठ्ठ्यानं पोस्टर नेमकं आमच्याच गल्लीत लावलं. सगळ्यांचे डोळे नत्थूजींकडे. नत्थूजी हलले नाहीत. मग काय, बर्फी पचली, म्हातारा विकला गेला, अशी कुजबुज सुरू झाली. भजनी मंडळानं त्यांना बोलावणं बंद केलं. इकडे ते नाटक कधी आलं नि कधी गेलं, कोणाला पत्ताही लागला नाही.

मला राहवेना. सकाळी गाठलं त्यांना मातामायपाशी. तिला रोज आंघोळ घालायची, शेंदूर लावायचा, हे काम पूर्वी त्यांच्या बायकोचं, गिरजाकाकूंचं होतं. धंतोलीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा घोर याचाच, मायकडे कोण बघेल. तेव्हापासून नत्थूजी बघतात.

मी म्हटलं, "लोकांना खरं काय ते सांगून का टाकत नाही?"

"कसं सांगू गा? सांगितलं तर त्या नाटकाचं नाव पुन्हा निघन. त्यापेक्षा मले म्हणू दे काय म्हणायचं ते."

मी निरोप घेऊन वळलो. त्यांना वाटलं, मी गेलो. मातामायच्या कपाळाला शेंदूर लावता लावता ते हळूच बोलत होते.

"मी भेलो नाही वं गिरजा. तुझ्या मायसाठीच चूप बसून राहिलो."