हात न जोडणारी कुमुद

आमची कुमुद देवीपुढं हात जोडत नसे. हात पाठीमागं बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी ती गाभाऱ्यासमोर उभी राहायची आणि या पायावरून त्या पायावर झुलत देवीला न्याहाळायची. वय नऊ. घर तुळजापुरातल्या उपाध्यांचं. आमचे वडील, अण्णा, यात्रेकरूंना पूजा सांगत, आणि त्यांचीच ही धाकटी लेक!

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेत उर्दू जाऊन मराठी आली होती; कुमुद दोन्ही वाचायची. अण्णांचे मंत्र तर नुसते कानावर पडून तिला पाठ झाले होते. पण डोकं स्वस्थ बसेल तर शपथ! कुणी काही सांगितलं, की हिचं ठरलेलं, "ते खरं, पण कशावरून?"

नवरात्राआधी आमची देवी काही दिवस पलंगावर निद्रा घेते. त्या दिवसांत एकदा जेवताना कुमुदनं विचारलं, "अण्णा, देवी झोपलीय, तर सध्या जग कोण सांभाळतंय?"

"झोपेतसुद्धा तिचं लक्ष असतं."

"मग ती झोपलीय कशावरून?"

अण्णांना ठसका लागला. आई पाणी आणायच्या निमित्तानं उठली. पाठमोरे तिचे खांदे हलताना मला दिसले.

देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही तळवे ठेवून मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. कुमुदनं प्रश्न मोठ्यांदा विचारला, "तू खोटं बोलतोस का?"

दगड उजवीकडं फिरला.

"होय म्हणतोय!" ती ओरडली. "पण खोटारड्याचं हे तरी खरं कशावरून?"

रांगेत गलका झाला. एक म्हातारी आपला प्रश्न न विचारताच माघारी फिरली. अण्णांनी कुमुदला दंडाला धरून घरी आणलं. "आजपासून देवळात पाऊल टाकायचं नाही. बिल्कुल नाही!"

कुमुद रडली नाही. अंगणात नुसत्या येरझारा घालत राहिली.

त्या वर्षीच्या थंडीत अण्णांना मुदतीचा ताप आला. आईनं नवस बोलला. कुमुदला म्हणाली, "एकदा तरी हात जोड गं, बापासाठी."

"मनात नसताना कसे जोडू?"

आईनं तिच्या थोबाडीत मारली. कुमुद गाल चोळत अण्णांच्या उशाशी जाऊन बसली आणि त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलू लागली. ताप उतरेपर्यंत तिनं ते काम कुणाला करू दिलं नाही.

अण्णा बरे झाले. मुरुम गावचे एक व्यापारी पूजेला आले, तेव्हा अण्णा अजून अशक्त म्हणून आईनं आम्हा दोघींना अण्णांच्या सोबत धाडलं. कुमुदनं मात्र दारातच थांबायचं, असं बजावलं होतं. पूजा सुरू झाली आणि मधेच अण्णांचा आवाज थांबला. तापानं पुसून टाकल्यासारखा पुढचा मंत्र आठवेना. त्यांनी मागची ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तिथंच अडले.

कुमुद दारातून केव्हा आत आली, कळलंच नाही. अण्णांच्या पाठीशी उभी राहून तिनं पुढचा शब्द हळूच सांगितला. अण्णांनी तो उचलला. मग जिथं अडतील तिथं ती सांगत गेली. पूजा पार पडली.

"पोरगी लई भक्तीण हाय की, गुरुजी!" व्यापारी कौतुकानं म्हणाले.

मी जीव मुठीत धरला. पण कुमुद चक्क गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी पूजेला निघताना अण्णा उंबऱ्यात थांबले. "कुमुद, येतेस ना?"

मग ती रोजच जाऊ लागली. एका दुपारी देवळातल्या गोमुख तीर्थाच्या पायऱ्यांवर मी तिला विचारलं, "तुझा देवीवर विश्वास नाही, मग जातेस कशाला?"

"शब्द अडला की अण्णा घाबरतात गं. लोकांसमोर." तिनं पाण्यात पाय हलवले. मग म्हणाली, "तुझं बरं आहे, अक्का. अण्णा आजारी होते तेव्हा तू देवीला सांगत होतीस. आई सांगत होती. मी कुणाला सांगायचं?"

मी सरकून तिच्या अगदी जवळ बसले.