बाईसाहेबांचा चौथा प्लग

आमच्या शेजारचे तुळजाराव काका माणसांना अरे-तुरे करतात आणि मोटारीला अहो-जाहो.

"बाईसाहेब, दार लावतो हं. बोटं सांभाळा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मोटारीला बोटं नसतात हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. तसा मला कुणालाच काही सांगायचा धीर होत नाही. मी खिडकीतून बघते.

बाईसाहेब म्हणजे काळी, गोल पाठीची, छोटी विलायती मोटार. देश सोडून निघालेल्या एका इंग्रज इंजिनिअरकडून ती काकांच्या वडिलांनी घेतली. आता तंजावरात दर महिन्याला कुणाच्या तरी दारात नवी पांढरी मोटार येते. काका तिला 'साबणाची वडी' म्हणतात.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाले, पण हात थांबला नाही. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूवर सुबक अक्षरात चिठ्ठी असते. प्रत्येक किल्लीलाही असते. एका किल्लीच्या चिठ्ठीवर 'कशाची ते माहीत नाही' असं मराठी, तमिळ आणि इंग्लिश अशा तिन्ही भाषांत लिहिलेलं आहे.

आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "अस्कि बरोबर!" अस्कि म्हणजे आमच्या तंजावरी मराठीत सगळं. माळ्यावरून पाणी ठिबकत असो, दूध उतू गेलेलं असो, काकांचं अस्कि बरोबरच असतं.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदरा काकू भावाच्या व्हॅननं मद्रासला आणि तिथून अमेरिकेला गेल्या. मुलीचं बाळंतपण होतं. मग दर रविवारी काका कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये शिरत आणि अमेरिकेला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात बोलत.

"मोटार? रोज चालवतो की! काल तिरुवैयारूपर्यंत नेली. अस्कि बरोबर!"

खरं म्हणजे सहा महिन्यांत बाईसाहेब एक इंच हलल्या नव्हत्या. ताडपत्रीखाली उभ्या होत्या. रोज संध्याकाळी काका ताडपत्रीचं एक टोक उचलून आत जात, पाच मिनिटं स्टिअरिंगपाशी बसत आणि बाहेर येत. मोटार चालवत का नाही, असं माझी आई अधूनमधून विचारी. आधी म्हणाले, पाऊस आहे. मग धुकं होतं. मग धूळ.

एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र काका बूथमधून बाहेर आले ते घामानं भिजलेले. काकू गुरुवारी सकाळच्या मद्रासच्या रेल्वेनं येणार होत्या. त्यांनी बजावलं होतं, "मज न्यायला बाईसाहेबांनाच घेऊन या. रोज चालवताच आहां, तर तेवढं होईल की."

बुधवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात मोटारीचं जुनं पुस्तक.

"बाळ, तू इंग्लिश शाळेची. हे वाच आणि मज सांग. उद्यापर्यंत या उठल्या नाहीत तर ती मज ओवाळायची नाही, सोलून काढील."

मी पायरीवर बसून वाचत गेले. सेल्वम मेकॅनिक करत गेला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. बॅटरी दुसरी बसवली. चाकांत हवा भरली. मागच्या सीटमधून उंदरांचा संसार हलवला. मग सेल्वमनं पुढून हँडल मारलं. बाईसाहेब खोकल्यासुद्धा नाहीत.

"राव सार, रोज चालवता ना?" सेल्वमनं तमिळमध्ये विचारलं. त्यानंही रविवारचे फोन ऐकले होते.

"तू उगा बस, तोंड मिट आणि हँडल मार."

बावीस वेळा हँडल मारून झालं. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की प्लग काढून बघावेत. मी ते वाचलं आणि काका एकदम म्हणाले, "ते पान सोड."

सेल्वमनं तोवर पहिला प्लग काढलाही होता. तो प्लग उन्हात धरून बघत राहिला आणि मग जमिनीवर बसून हसायला लागला. प्लगच्या टोकाला, ठिणगी पडते तिथेच, चंदन होतं. वर कुंकू. सहा महिन्यांत दगडासारखं घट्ट झालेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्याकडे कात्रीपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना गंध लागतं. काकांनी मोटारीचे प्लग काढून केळीच्या पानावर मांडले होते आणि काकूंनी एकेकाला मनापासून चंदन-कुंकू लावलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते तसेच परत बसवले.

"पुसायचे नाहीत का, सार?"

"देवाचं गंध पुसतात काय रे?" काका चिडून म्हणाले.

"मग देवालाच हँडल मारायला सांगा."

शेवटी काकांनी 'घास' म्हणून मान डोलावली. सेल्वमनं पॉलिश पेपरनं एक प्लग घासला, दुसरा घासला, तिसरा घासला. चौथ्याला हात घातला तेव्हा काकांनी तो काढून घेतला. त्याच्यावरचं कुंकू इतकं जाड बसलं होतं की त्यात बोटाच्या रेघा उमटलेल्या दिसत होत्या.

"हा असाच लाव."

"सार, चारातला एक चालणार नाही. मोटार लंगडेल."

"लंगडू दे. तीन पुष्कळ झाले."

सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. त्यात याबद्दल काही नव्हतं.

तीन प्लगांवर बाईसाहेब उठल्या. आवाज असा, की कुणीतरी खलबत्त्यात थांबून थांबून कुटतंय.

गुरुवारी काकांनी मलाही बरोबर घेतलं. इंजिन बंद केलं तर पुन्हा लागेल याची त्यांना खात्री नव्हती. "पायानं हे दाबून बस, बाळ. अस्कि बरोबर," म्हणून ते प्लॅटफॉर्मवर गेले. गाडीला पाऊण तास उशीर होता. पाऊण तास मी भर स्टेशनासमोर ॲक्सिलरेटर दाबून बसले. रिक्षावाले भोवती जमून मोटारीच्या तब्येतीवर चर्चा करत होते. एकानं मला सोडा आणून दिला. जन्मात माझ्याकडे इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं.

मग काकू आल्या. साडीवर स्वेटर, पायांत पांढरे बूट. मागे दोन बॅगा घेऊन काका. मी मागच्या सीटवर गेले, काकू पुढे बसल्या. मोटार हलली आणि काकूंनी कान दिला.

"आवाज कां असा येतो हो?"

"हवेत ओल आहे."

"एप्रिलांत?"

काकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघायला लागले. ते मला चांगलं जमतं.

काकू नातवाबद्दल सांगत होत्या. त्याचं नाक, त्याचं रडणं, तिकडचं गोठलेलं दूध. एरवी सगळ्यांना मध्येच तोडणारे काका एक शब्द बोलत नव्हते. नुसते "हं" म्हणत होते. आमच्या गल्लीचं वळण आलं आणि गेलं.

"अहो, घर मागे राहिलं की!"

"राहू दे. इंजिन अजून तापलं नाही," काका म्हणाले. "थोडं फिरवायला हवं. तू सांग, मग काय झालं?"

ते इंजिन पाऊण तास माझ्या पायाखाली तापत होतं. समोरच्या काचेच्या खालून वाफ येत होती. काकूंनी ती पाहिली, बूट काढून पाय वर घेतले आणि नातवाचं बारसं पहिल्यापासून सांगायला घेतलं.