करणारच होतो

सुपरवायझरांनी नवी वही उघडली तर आत एकही रेघ नाही, नुसते ठिपके. "दुकानदारानं फसवलं वाटतं," ते म्हणाले. मुलीने कपाळावर हात मारला.

"बाबा, बुलेट जर्नलची वही अशीच असते! तक्ता आपण आखायचा. इकडे सवयी, वर तारखा. सवय पाळली की त्या दिवसाचा चौकोन रंगवायचा."

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तक्त्याचं काय अप्रूप! त्यांनी तिथल्या तिथे पट्टीने झकास तक्ता आखला. चालणे, वाचन, भरपूर पाणी, पाठीचा व्यायाम आणि शेवटी, आईला फोन. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची.

"माझे स्केचपेन घ्या, पण आजच्या दिवसच हं," मुलगी म्हणाली. "उद्या शाळेत लागतील."

पहिल्या तारखेचे पाच चौकोन मजेत रंगवून झाले. मग पंचाईत आली. उद्याचे कशाने रंगवायचे? आपण हे सगळं करणारच आहोत, मग आज रंगवलं काय आणि उद्या काय, असं मनाला समजावून त्यांनी बैठक मारली ती संध्याकाळीच मोडली. तीस तारखेपर्यंतचा तक्ता गच्च भरला. बसून बसून पाठ इतकी धरली, की त्या दिवशीचा व्यायाम राहूनच गेला.

पुढे रोज सकाळी ते वही उघडत, तक्ता डोळे भरून बघत आणि मिटून ठेवत. ही एक सवय मात्र त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. बायकोने एकदा लांबूनच आईच्या फोनची हिरवी ओळ पाहिली. "आईंना रोज फोन करता? कधी बोलला नाहीत!" तिचा आवाज इतका मऊ झाला, की सुपरवायझरांना 'हं' म्हणण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.

आता मोठ्या साहेबांनी ती वही ऑफिसातल्या टेबलावर बघायलाच हवी होती का? पण बघितली. आणि कव्हरवरचं 'माझ्या रोजच्या सवयी' वाचूनच खूश झाले. "मंगळवारच्या बैठकीत दाखवा सगळ्यांना. शिस्त काय असते ते कळू दे."

शिस्तीबद्दल सुपरवायझरांचा दबदबा होताच. तपासणी झाली की लिफ्टमधल्या कार्डावर तारीख घालून सही करायची, हा कंपनीचा नियम. गेल्या महिन्यात एका मेकॅनिकने दुसऱ्या दिवशीची सही आदल्या दिवशीच ठोकली होती. "उद्या जाणारच होतो साहेब, पेन हातात होतं म्हणून केली," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "आधी काम, मग सही!" असं सगळ्यांसमोर सुनावून सुपरवायझरांनी त्याला नट-बोल्ट निवडायला गोदामात बसवलं होतं. अजून तो तिथेच होता.

मंगळवारी वही कॅमेऱ्याखाली ठेवली गेली आणि पान भिंतीवर झळकलं, हातभर एकेक चौकोन. सुपरवायझर सवयीचं महत्त्व सांगू लागले. मागच्या रांगेतून गोदामवाल्या मेकॅनिकने हात वर केला.

"साहेब, आज सतरा तारीख ना?"

"हो. का?"

"मग तीसपर्यंत रंग कसा?"

सुपरवायझरांनी भिंतीकडे पाहिलं. "करणारच होतो," ते बोलून गेले.

कोणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. "लिफ्टची कार्डं तरी...?"

"नाही साहेब! ती कधीच नाही!" हे खरं होतं. पण आपला आवाज हुबेहूब त्या मेकॅनिकसारखा काकुळतीला आलेला त्यांना ऐकू आला, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. वीस वर्षांची सही एका ठिपक्यांच्या वहीने नासवली होती.

ते जिन्यात गेले आणि त्यांनी आईला फोन लावला.

"तू आहेस होय!" आई म्हणाली. "अरे, सूनबाई म्हणाली तू रोज फोन करतोस. मला तर एकही आठवेना. म्हटलं, झालं, आता आपलं डोकं चालेनासं झालं. उद्या डॉक्टरकडे जाणार होते."

सुपरवायझर जिन्याच्या पायरीवर बसले. "आई, डोकं तुझं नाही गं, माझं फिरलंय. मी केलेच नाहीत फोन." मग पंधरा मिनिटं त्यांनी मुकाट्याने बोलणी खाल्ली. डॉक्टर रद्द झाल्यामुळे आईला चांगलाच जोर चढला होता.

तिथून ते थेट गोदामात गेले. कार्डावर चुकीची नोंद झाली तर ती आडवी रेघ मारून रद्द करायची आणि साक्षीदाराची सही घ्यायची, हाही कंपनीचाच नियम. त्यांनी नट-बोल्टच्या पेटीवर वही ठेवली आणि एक ते तीस, पाचही ओळी रद्द केल्या. फक्त आईच्या ओळीतला सतराचा चौकोन सोडला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्यापासून तू परत लिफ्टवर जा. आणि इथे साक्षीदार म्हणून सही कर."

मेकॅनिकने पेन घेतलं, खिशाला लावलं आणि वहीवर बोट ठेवलं. "हा सतराचा खरा आहे?"

"खरा आहे. आत्ताच बोललो."

"मग लावा परत फोन," मेकॅनिक अदबीने म्हणाला. "खात्री केल्याशिवाय सही करत नाही मी आता."

सुपरवायझरांनी मान खाली घालून फोन लावला.