‘मुकं रान’चा पाचवा भाग आणि कापशीचं बीळ

एका जंगलात सगळे जण वाचत होते. खरंच सांगते मुलांनो, आईने डोळे वटारले म्हणून नाही. आपणहून.

ते वाचत होते ‘मुकं रान’. पलीकडच्या जंगलातल्या एका घुबडाने लिहिलेली ती मालिका होती. तिचे चार भाग आले होते, पाचवा यायचा होता.

गोष्ट अशी. एका रानात एक दुष्ट राजा असतो. तो सगळ्यांचे आवाज काढून घेतो आणि रांजणांत भरून ठेवतो. कुणी कण्हलं तरी शिक्षा. पण लवंगी नावाची एक तरुण टिटवी आपला आवाज पंखाखाली लपवून ठेवते. एके दिवशी ती भर दरबारात राजासमोर उभी राहते. चोच उघडते.

आणि चौथा भाग संपतो.

जंगलात कित्येकांचं जेवण सुटलं. हरणं एकमेकांना मिठ्या मारून रडली. माकडांनी शेपटीवर लवंगीचं चित्र गोंदवून घेतलं.

एकच धास्ती होती. हे पुस्तक सिंहमहाराजांच्या हाती लागलं तर?

लागलं. घाबरू नका, मी सांगेन तेव्हा घाबरा. महाराजांनी पहिला भाग एका बैठकीत वाचला. डोळे सुजवून घेतले. पंजाने नाक पुसलं आणि म्हणाले, “काय नालायक राजा आहे! कुणी काही बोलत कसं नाही त्याला?”

कुणी काही बोललं नाही.

मग चिटणीस कोल्ह्याने एक प्रश्नावली काढली. ‘मुकं रानमधले तुम्ही कोण?’ दहा प्रश्नांची. सगळ्या जंगलाने ती सोडवली. हत्ती लवंगी निघाला. तरस लवंगी निघालं. मगर लवंगी निघाली आणि तिला भरून आलं. महाराज तर पहिल्या प्रश्नापासूनच लवंगी होते. दुष्ट राजा कुणीच निघालं नाही.

याच जंगलात कापशी नावाची सशाची पोर राहत होती. पान हललं तरी ती दचकायची. तिनेही चारही भाग वाचले होते, तिसरा तर तीनदा. वाचताना तिला भीती वाटायची नाही, कारण भिण्याचं सगळं काम पुस्तकातले लोक करायचे.

पाचवा भाग येणार म्हणून महाराजांनी महोत्सव जाहीर केला. पुस्तकातला दरबार हुबेहूब उभारायचा, त्यात प्रकाशन करायचं. पुस्तकात तो दरबार माळावर आहे, मागे तीन खोडांचा वड आहे. जंगलात तसा वड एकच होता. त्याच्या मुळाशी कापशीचं बीळ होतं.

कोल्हा नोटीस घेऊन आला. “परवा सकाळी बीळ पाडायचं आहे. तोवर रिकामं करा.”

“साहेब, आईचा पाय अधू आहे,” कापशी म्हणाली. “पाच पिल्लं आहेत, पाच दिवसांची. आमच्या माळावर घार असते. थोडं पलीकडे नाही का उभारता येणार?”

“चौथा भाग वाचलायस ना?”

“हो.”

“मग? त्यात राजा गरिबांची घरं पाडूनच दरबार बांधतो. आपण मूळ पुस्तकाशी प्रामाणिक नको राहायला?”

कापशीला तो प्रसंग फार आवडला होता.

ती धावत साळिंदरकाकांकडे गेली. काका वाचक मंडळाचे अध्यक्ष होते आणि ‘जुलूम’ हा शब्द दिवसातून वीसदा तरी उच्चारायचे.

“काका, आमचं बीळ पाडतायत हो!”

काकांचे काटे उभे राहिले. “काय सांगतेस! अगं, हे तर हुबेहूब चौथ्या भागासारखं! सातवं प्रकरण!”

“हो काका. तर तुम्ही जरा…”

“भाग्यवान आहेस पोरी. आम्ही नुसतं वाचतो. तुला जगायला मिळतंय.” काकांनी डोळे टिपले. “पुढच्या बैठकीत अनुभवकथन करशील? पंधरा मिनिटं. मग चहा आहे.”

“पुढच्या बैठकीला बीळच नसेल, काका.”

“मग तर फारच रंगेल.”

झाडावरून माकडीण ओरडली, “ए, गप्प बसा रे! पुढचं सांगू नका. माझा चौथा भाग व्हायचाय!”

राहता राहिले महाराज. पण महोत्सवाच्या गडबडीत तक्रारी ऐकणं बंद होतं. दरबारासमोर एकच रांग होती, ती स्पर्धेची. ‘लवंगी राजासमोर काय बोलेल?’ ज्याचं भाषण सर्वांत चांगलं, त्याला पाचवा भाग सगळ्यांच्या एक दिवस आधी.

कापशी रांगेत उभी राहिली. तिच्या कानाला चौदा नंबरची चिठ्ठी अडकवली गेली.

तिच्या पुढचे तेराही जण टिटवीची पिसं लावून आले होते. मगरीने तर अंगभर लावली होती. जंगलातल्या टिटव्या आठवडाभर कुणाला दिसल्या नव्हत्या. पिसं मात्र छान जमली होती.

तरसाने गर्जून भाषण केलं. हत्तीने क्रांतीची हाक दिली. मगर म्हणाली, “आमचे आवाज परत द्या!” आणि ढसाढसा रडली. टाळ्या पडल्या.

मग चौदा नंबर.

आता घाबरा.

समोर महाराज बसले होते, त्यांच्या मिशीला सकाळच्या जेवणाचं काहीतरी लागलं होतं. काय ते कापशीने पाहिलं नाही.

“महाराज,” ती म्हणाली, “मी कापशी. वडाखालचं बीळ आमचं आहे. उद्या सकाळी ते पाडणार आहेत. आत माझी आई आहे, तिला पळता येत नाही. पाच पिल्लं आहेत. बाहेर घार आहे. आम्ही कुठे जायचं? तुम्ही नाही म्हणालात तर कुणी पाडणार नाही. तुम्ही फक्त नाही म्हणा.”

कुणीतरी हुंदका दिला.

महाराजांचे डोळे भरून आले. ते उठून उभे राहिले. महाराज उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कापशी उडीच मारून मागे पडली.

“बघितलंत?” महाराज गहिवरून म्हणाले. “पिसं नाहीत, काही नाही. नुसता तो आवाजातला कंप! याला म्हणतात भूमिकेत शिरणं.”

“महाराज, हे खरं आहे,” कापशी म्हणाली.

“अगदी! अगदी खरं वाटलं.”

“वाटलं नाही महाराज, खरंच…”

“आणि अजून बाहेर येत नाहीये भूमिकेतून!” महाराज साळिंदरकाकांकडे वळले. साळिंदरकाका परीक्षक होते. त्यांना तर सगळं ठाऊक होतं. कापशीने त्यांच्याकडे पाहिलं.

काका खाकरले. “शेवटी थोडी आशा हवी होती,” ते म्हणाले. “बाकी उत्तम.”

पहिलं बक्षीस कापशीला मिळालं. महाराजांनी स्वतः पाचवा भाग तिच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या डोक्यावर पंजा ठेवला. अगदी हलकेच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रानडुकरं आली आणि त्यांनी बीळ पाडलं. ती सभ्य होती. “काल फार छान बोललीस गं,” असं प्रत्येक जण म्हणत होता.

कापशी एकेक पिल्लू मानगुटीला धरून माळ ओलांडत राहिली. आई लंगडत मागून आली. सहाव्या खेपेला कापशीने पुस्तक आणलं. ते तिचं होतं.

करवंदीच्या जाळीत सगळी बसली. तिथून बांधकामाचा आवाज येत होता. कापशी रडली नाही. तिने पुस्तक उघडलं आणि वाचत बसली. उन्हं कलली तरी वाचतच होती.

एकाएकी ती हुंदके देऊन रडायला लागली. इतकी, की आई घाबरली.

“काय झालं गं?”

“आई, लवंगीचं घरटं मोडलं. शिपाई आले आणि मोडलं. तिची पिल्लं होती गं आत.”

आईने तिला जवळ घेतलं. “बिचारी,” ती म्हणाली.

मग तिने पिल्लं पुन्हा एकदा मोजली. चार होती.

तात्पर्य: अन्याय हा नेहमी पलीकडच्या जंगलात, चांगल्या कागदावर आणि निदान पाच भागांत झालेला असावा. म्हणजे तो सगळ्यांना समजतो आणि राजालाही त्याची चीड येते. ज्यांच्यावर तो घरच्या घरी, एकाच भागात होतो, त्यांनी निदान पिसं तरी लावून यावं.